कळ की रग

मी बार्शीची. तोंडानं फटकळ, हे मला लग्नाआधीपासून सगळे सांगत आलेत आणि सोलापुरात येऊन बारा वर्षं झाली तरी त्यात काडीचा फरक पडलेला नाही. तेव्हा शिवम्मा मावशींची गोष्ट सांगताना मी स्वतःची बाजू साखर घोळून सांगेन, असं कुणी समजू नये. मी त्यांच्याशी भांडले, त्यांच्याकडून शिकले आणि एकदा त्यांना दगाही दिला. दगा हा त्यांचाच शब्द. त्या वेळी मला तो लई लागला होता.

आमचं हॉस्पिटल फार मोठं नाही. बायकांच्या वॉर्डात अठरा खाटा, मी तिथली सिस्टर आणि शिवम्मा मावशी तिथल्या आया. बावीस वर्षं त्याच वॉर्डात. माहेर-सासर दोन्ही अक्कलकोटच्या बाजूला, त्यामुळे घरात कन्नड, बाजारात मराठी आणि विणकरांच्या वस्तीत भाड्यानं राहून तेलुगूही कामापुरती आलेली. शाळा चौथीपर्यंत. अंगानं उंच, कपाळाला विभूती, आणि पेशंटला कुशीवर वळवायचं तर दोघींचं काम एकटीनं करणार. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. ड्यूटी संपली तरी तासभर वॉर्डातच रेंगाळायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, घर नाही का?" तर म्हणाल्या, "हाय की. पन तितं बोलाय कोन हाय? भिताडाला इचारू का, बरं हाय का म्हनून?"

दोन वर्षांपूर्वी वॉर्डात टॅब आला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आधी कागदावर 'पेन आहे' किंवा 'पेन नाही' एवढं लिहिलं की भागायचं. आता पेशंट दुखतंय म्हणाला की पडद्यावर आठ इंग्रजी शब्द उघडायचे आणि त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचं पान यायचंच नाही. एकिंग, थ्रॉबिंग, क्रॅम्पिंग, शूटिंग, स्टॅबिंग, बर्निंग, स्टिंगिंग, सोअर. मी नर्सिंग इंग्रजीतूनच केलेलं, पण पाठ करून. मला विचाराल तर आठांचा अर्थ एकच, दुखणं. मग मी काय करायची? सगळ्यात वर 'एकिंग' होतं, तेच दाबायची. अठरा खाटा, अठरा एकिंग. दोन महिने कुणी हूं की चूं केलं नाही.

मग वेळापूरच्या गोजरबाई आल्या. पाय घसरून पडलेल्या, पोटरीला आठ टाके. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज्जी, कसं दुखतंय?" त्या म्हणाल्या, "बरंय की. दुखतंय वाईच." आमच्याकडची माणसं अशीच. मरायला टेकली तरी पहिलं उत्तर 'बरंय की'. पडल्याची रग असेल, असं म्हणत मी एकिंग दाबलं आणि पुढं निघाले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेची चादर बदलता बदलता मावशी म्हणाल्या, "रग न्हाय ती सिस्टर. ठणका हाय."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही चादरी बघा. हे माझं काम आहे." त्यांनी चादरीचे कोपरे नीट आत खोचले आणि निघून गेल्या.

संध्याकाळी ड्रेसिंग सोडलं तर टाक्यांच्या खाली पू. आमचे तरुण डॉक्टर अजिंक्य टॅब बघून मला म्हणाले, "ऋतुजा सिस्टर, सकाळी थ्रॉबिंग लिहिलं असतं तर मी तेव्हाच बघितलं असतं. आत पू धरला की असंच ठण्‌ठण्‌ उडतं." ते रागावले नाहीत, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला मी मुकाट्यानं मावशींच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. माफीबिफी मागितली नाही, ते माझ्याच्यानं होत नाही. नुसतं विचारलं, "ठणका आहे हे कळलं कसं?"

"हात बघा की," त्या म्हणाल्या. "रग असली की बाई चोळती. सगळा पंजा ठिवून वरखाली. ठणका असला की चोळत न्हाय, लांबनं धरती अन् दाबून ऱ्हाती. आज्जी काय करत होत्या? गुडघ्यापाशी पाय दाबून बसल्या होत्या. तोंडानं बरंय म्हनल्या, पन हात कुटं लपतोय?"

तिथून आमची शाळा सुरू झाली, आणि त्यात मास्तरीण कोण नि विद्यार्थी कोण, हे रोज बदलायचं. मी मोबाइलवर एकेक इंग्रजी शब्द काढून त्याचा अर्थ वाचून दाखवायची आणि मावशी त्याला माणूस शोधायच्या. एकिंग म्हणजे रग, दिवसभर खुरपून आलेल्या बाईच्या कंबरेची. थ्रॉबिंग म्हणजे ठणका. शूटिंग म्हणजे चमक, इथून निघते आणि सरळ तिथं जाते. अशी बाई बोटानं रेघ ओढून दाखवते. स्टॅबिंगलाही बोटच, पण ते एका जागी टेकतं आणि हलत नाही. क्रॅम्पिंग म्हणजे पोटात येणारी कळ नाहीतर पोटरीत येणारा गोळा. कळ येते, जाते, पुन्हा येते, आणि ती आली की मूठ वळते.

मला सगळ्यात जड गेले ते शेवटचे तीन. बर्निंग, स्टिंगिंग आणि सोअर. शब्दकोश वाचून माझा गोंधळ वाढतच चालला. मावशी म्हणाल्या, "शेंगाची चटनी कुटली की मिरचीनं हाताची आग व्हती, ते तुमचं बर्निंग. बोट कापलेलं आसताना लिंबू पिळलं की चुरचुरतंय, ते दुसरं. आन जोंधळा काढाय पयल्या दिवशी गेलं की रातच्याला हात हुळहुळत्यात. काय दुखत न्हाय तसं, पन भाकरीचा पापुद्रा लागला तरी नको वाटतंय. ते तिसरं." मी बारा वर्षं नोकरी केली, परीक्षा दिल्या, पण हुळहुळणं म्हणजे सोअर हे मला त्या स्टुलावर कळलं.

बायकांच्या बाबतीत तर शब्दांचा आणखी एक घोळ असायचा. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कुठंही दुखलं तरी बाई पुरुष डॉक्टरसमोर 'पोटात दुखतंय' एवढंच सांगायची. शेजारी सासरा नाहीतर थोरला दीर उभा असला तर तेही नाही. मावशी बेडपॅन द्यायच्या निमित्तानं पडदा ओढायच्या, कानडी असेल तिला ब्यानी की उरी विचारायच्या, म्हणजे दुखतंय की आग होतेय, आणि पडद्याबाहेर येऊन मला हळूच सांगायच्या, "पोट न्हाय. छाती हाय. सोअर." उच्चार असा करायच्या की मला हसू यायचं, पण शब्द कधी चुकायचा नाही.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग हॉस्पिटलला कसलंसं गुणवत्तेचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं आणि मेट्रनबाईंनी सगळ्यांना बोलावून नवे नियम वाचून दाखवले. पेशंटच्या दुखण्याबद्दल फक्त शिकलेल्या सिस्टरनं बोलायचं, आयांनी नाही. आणि पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या आयांची तपासणी व्हायची. त्यात जी पास होईल ती वॉर्डात, जिच्या तब्येतीत काही निघेल ती तळघरात, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला. मेट्रनबाई वाईट नाहीत. त्यांनाही वरून आलेलं होतं.

शिवम्मा मावशींचं वय अठ्ठावन्न. बोलायचं नाही, हा नियम त्यांनी मनावर घेतला नाही. तपासणीचा मात्र त्यांनी धसका घेतला. "सिस्टर, खाली काय करू मी?" त्या म्हणाल्या. "कापडाला इचारू, काय दुखतंय गं बाई तुला?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वार्डातच मरायचंय. म्हनजे मरायचं न्हाय लगीच, पन हितंच ऱ्हायचंय." तपासणी सोमवारी होती.

आदल्या मंगळवारी एका पेशंटच्या घरून शेंगापोळ्या आल्या होत्या, वर तुपाची धार. सगळ्यांनी खाल्ल्या, मावशींनीही दोन खाल्ल्या. बुधवारी सकाळी मी ड्यूटीवर आले तर मावशी डाव्या हातानं बादली उचलत होत्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला. चादर बदलायची तर तीही एका हातानं.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाय. पाणी भरताना रग लागली."

मी पुढं गेले. पण वळून बघितलं, पुन्हा वळून बघितलं. बावीस वर्षं दुसऱ्यांचे हात वाचणारी बाई स्वतःचा हात लपवत होती. मी त्यांना स्टोअरच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "मावशी, हात काढा बाहेर."

"न्हाय."

मी पदर ओढला. हो, ओढलाच, मला त्याची लाज वाटत नाही. आत घट्ट मूठ वळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. उजव्या बरगडीखाली ती मूठ रुतवून त्या उभ्या होत्या. कपाळावरची विभूती घामानं ओली झालेली.

"ही रग आहे?"

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "टॅबवर तुमीच लिवणार ना? रग लिवा. एकिंग. मला ठावं हाय काय हाय ते. रातीपास्नं येतंय-जातंय. पन सोमवार हुंदे. येकदा त्यांच्या कागदावर मी पास झाले की मग दावते डाक्टरला. पाचच दिस, सिस्टर. मी तुमाला कवा काय मागितलंय?"

कधीच काही मागितलं नव्हतं. ड्यूटीवर आमच्यापैकी कुणाला काही झालं तर तेही त्याच टॅबवर लिहावं लागायचं. मी एकिंग दाबलं. ॲसिडिटीची गोळी दिली, स्टुलावर बसवलं आणि वॉर्डात फिरायला लागले. खोटं लिहिलं त्याचं काही वाटेना, खरं सांगते. मी त्याआधी दोन महिने अठरा खाटांचं खोटंच लिहीत होते. पण आता ते शब्द मला कळत होते. प्रत्येक खाटेशी उभी राहिले की मला ती मूठ दिसायची. अकराच्या सुमाराला मी त्यांच्या कपाळाला हात लावला तर अंग तापलेलं. म्हणजे आता ती नुसती येणारी-जाणारी कळ राहिली नव्हती, आत काहीतरी चिघळत होतं.

मी टॅब उघडला. एकिंग खोडलं. क्रॅम्पिंग दाबलं, उजव्या बरगडीखाली, ताप आहे, असं लिहिलं आणि डॉक्टर अजिंक्यना फोन लावला. मावशी स्टुलावरून बघत होत्या. माझं बोट कितव्या शब्दावर पडलं हे कळायला त्यांना वाचायची गरज नव्हती, जागेवरून कळत होतं.

"दगा दिलात, सिस्टर," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे आणि भोवती पू. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत थांबल्या असत्या तर पिशवी आतच फुटली असती. पोट मोठं उघडावं लागलं. मी आठ दिवस त्यांच्या खाटेशी गेले, औषधं दिली, ड्रेसिंग केलं. त्या दुसऱ्या सिस्टरशी बोलायच्या, बाजूच्या पेशंटशी बोलायच्या. माझ्याशी अक्षरही नाही. मी कसं दुखतंय विचारलं की भिंतीकडं बघायच्या आणि हात मात्र चादरीवर उघडा ठेवायच्या, मी वाचावा म्हणून. हुळहुळत असायचं. मी सोअर लिहायची.

घरी जायच्या दिवशी मेट्रनबाईंनी सांगितलं, जड काही उचलायचं नाही, म्हणजे वॉर्ड बंद. तळघरातलं काम आहे. मावशी म्हणाल्या, "नको." बावीस वर्षांचा हिशेब झाला, त्यांनी पिशवी घेतली आणि गेल्या. जाताना सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मला सोडून. महिनाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. माझी काय चूक, असं मी नवऱ्याला दहा वेळा विचारलं. तो म्हणायचा, चूक नाहीच. पण त्यानं मला बरं वाटायचं नाही. त्यांचा जीव वाचला हे खरं होतं आणि ज्यासाठी त्या जगत होत्या ते मी घालवलं, हेही तेवढंच खरं होतं.

वॉर्ड तसा चालू होता. मला शब्द येत होते. पण कानडी बाई आली की माझे हात बांधले जायचे. तिसऱ्या महिन्यात कर्नाटकाच्या हद्दीपलीकडच्या एका खेड्यातली दानेश्वरी नावाची बाई आली. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं, नवरा गुरं बघायला गावी गेलेला, मराठी येत नाही. मी काहीही विचारलं की मान हलवायची. दुखतंय? मान. नाही दुखत? मान. डावा हात मात्र अंगापासून लांब धरलेला, चादर लागू देत नव्हती. काहीतरी होतं, पण नेमकं काय आणि कुठं, ते मला कळेना.

त्याच दुपारी शिवम्मा मावशी डॉक्टरांना दाखवायला आल्या होत्या. दाखवून झालं आणि वर वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या. दारावर आमचा वॉचमन ज्ञानू. तो बिचारा ओशाळला. "मावशी, पासबिगर सोडता येत न्हाय आता. नातेवाइकालाच सोडतो, ते बी एकालाच."

मावशी आत पाऊल न टाकता दारातूनच म्हणाल्या, "एनातव्वा?" काय झालं गं बाई, एवढंच. दानेश्वरीनं मान उचलली आणि काल सकाळपासून जे साठलं होतं ते सगळं एका दमात बोलायला लागली. रडायलाही लागली. गलका ऐकून मेट्रनबाई आल्या.

"कोण लागते ही तुझी?" ज्ञानूनं दानेश्वरीला विचारलं. तिला भाषा कळली नसेल, पण हे दारात अडवलेल्या बाईबद्दल चाललंय, हे कळलं. ती म्हणाली, "नम्म अक्का." आमची थोरली बहीण.

मेट्रनबाई मावशींना बावीस वर्षं ओळखतात. त्यांनी दानेश्वरीकडं बघितलं, मावशींकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "सिस्टर, नातेवाईक आहेत का या?"

मी पासाचं पुस्तक ओढलं. नाव लिहिलं, शिवम्मा. नातं लिहिलं, थोरली बहीण. खाली सही मेट्रनबाईंची लागते, म्हणून पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी वाचलं. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मला वाटलं, आता आम्हा दोघींनाही घरी पाठवतात.

"चार ते सहा," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि जड काही उचलायचं नाही." सही केली आणि गेल्या.

मावशी माझ्याकडं न बघता खाटेशी गेल्या, दानेश्वरीचा हात खालून हलकेच तोलून धरला, दोन शब्द बोलल्या. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, "उरी म्हनतीया. सुई लावलीया तितं. बर्निंग लिवा." सलाइनची सुई शिरेबाहेर सरकली होती. मी ती काढली, दुसऱ्या हाताला लावली. दानेश्वरी पाच मिनिटांत झोपली.

पास एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, माझी मामी यायचीय, पास करा. तिची मामी म्हणून मावशी आल्या. मग कुणाची नणंद, कुणाची विहीण, कुणाची जाऊ. आठवड्यातले पाच दिवस चारच्या ठोक्याला त्या दारात असतात, मी पास लिहिते, मेट्रनबाई सही करतात. मेट्रनबाई नातं वाचतात, पण विचारत काही नाहीत.

मावशी वॉर्डात बोलायच्या, मला शब्दही सांगायच्या, पण ते सगळं भिंतीला. परवा मी पास लिहीत होते. पेशंट पद्मशाली समाजातली तेलुगू म्हातारी, नातं काय लिहू म्हणून मी अडले आणि शेवटी सख्खी भावजय लिहून टाकलं. कपाळाला विभूती लावलेली ही कानडी बाई त्या घरची भावजय कुठून होणार! मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. पाच महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं.

"बगा की," त्या म्हणाल्या. "आता कसं भराभरा खोटं लिवताय. त्या दिवशी मी येकच मागितलं हुतं."

त्यांनी माझ्या हातातून पास घेतला, हलवून शाई वाळवली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "लिवलं असतं तर आज ह्यो पास कुनाला लिवला असता? चला आत. ती म्हातारी मंट मंट म्हनतीया. आग व्हतीया तिला."